मालनआत्याची चांदणी

माझी मालनआत्या लग्न होऊन धारहून हाटपिपल्याजवळच्या पीपलखेडीला गेली, तेव्हा आजोबांनी तिच्याबरोबर एक कालवड पाठवली होती. भांडी, लुगडी सगळं रीतसर दिलं होतं, पण सासरच्या गावात चर्चा झाली ती कालवडीची. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते पागेवरचे चाकर म्हणून. पुढे घोडे गेले, पागा गेली, आजोबा तर सुतारकाम करायचे. तरीही दारात जनावर नसेल तर त्या घराला घर म्हणायचं नाही, ही समजूत आमच्याकडे टिकून राहिली. आजोबांच्या दोन माळवी गाई होत्या. त्यांतल्या एकीची ती कालवड.

चांदणी तिच्याच वंशातली. कितव्या पिढीतली ते आत्यालाच ठाऊक. अंगानं पांढरी, मानेपाशी जरा राखाडी, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. दूध फार नव्हतं, पण आटतही लवकर नसे. शेतातला भुसा, बांधावरचं गवत आणि हौदातलं पाणी एवढ्यावर ती वर्ष काढायची. आत्या गावात सगळ्यांशी माळवीत बोलायची. तरुण नावाचा मुलगा आणि सून उर्वशी यांच्याशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी. नात चिऊला मराठी कळायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची. अस्सल मराठी आत्या बोलायची ती फक्त गोठ्यात. "सरक गं बाई जरा, पाय आहे माझा," असं म्हटलं की चांदणी सरकायची. उर्वशी हसून म्हणायची, "या घरात आईंचं मराठी पुरतं कळणारी ही एकटीच आहे."

खंडोजी, म्हणजे आत्याचे यजमान, वारले त्यानंतर आत्याचा बराचसा दिवस गोठ्यातच जाऊ लागला. शेती तरुण बघायचा. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि थोडे हरभरे. घराला धान्य आणि जनावरांना भुसा त्यातच निघायचा, वर थोडं बाजारातही जायचं. तरुण कष्टाळू होता. फक्त त्याच्या हातात जे होतं तेवढ्यावर आता काही चालेना झालं होतं. एका वर्षी सोयाबीन पिवळं पडून जळायचं, दुसऱ्या वर्षी काढणीलाच पाऊस यायचा आणि शेंगेतच मोड फुटायचे. म्हणून त्यानं डेअरीची वाट धरली. दुधाची गाडी गावापर्यंत येऊ लागली होती. त्यानं एक काळी-पांढरी होल्स्टीन गाय आणली. चिऊनं तिचं नाव बिस्कुट ठेवलं. आत्या तिला "ती विलायती" म्हणायची आणि तिच्या बाजूनं जाताना पदर आवरून घ्यायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्या वर्षी पाऊस दसरा झाला तरी हटला नव्हता. सोयाबीन उशिरा निघालं, त्यामुळे गहूही उशिरा पेरला गेला. मार्चमध्ये रंगपंचमीला मी पीपलखेडीला गेले होते. मी धारला शाळेत शिकवते, सुट्टी मिळाली की आत्याकडे जायचे. त्या दिवशी सकाळीच इतकं तापलं होतं की पोरांनी रंग खेळणं अर्ध्यात टाकलं. तरुण मला शेतावर घेऊन गेला. दुरून गहू सोनेरी दिसत होता, मी कौतुक केलं. त्यानं एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि हात माझ्यापुढे धरला. दाणे जिऱ्यासारखे बारीक, सुरकुतलेले होते.

"दाणा दुधात होता तेव्हाच ऊन लागलं," तो म्हणाला. "पिकला नाही, ताई. नुसता वाळला."

भुसाही त्या वर्षी थोडाच निघाला. गव्हाची वाढच खुंटली होती. आत्यानं खळ्यावरचा ढीग बघितला आणि तरुणला सांगितलं की आधी चांदणीपुरतं बाजूला काढ. तरुण म्हणाला, दूध बिस्कुट देते, तिला आधी. दोघांत त्यावरून बोलाचाली झाली. शेवटी उर्वशीनं मधे पडून दोघींचा भुसा वेगवेगळ्या कोपऱ्यांत रचला.

मग मे आला. माळव्यात उन्हाळा आम्ही लहानपणापासून पाहिलाय, पण आमच्याकडे संध्याकाळ झाली की वारा गार व्हायचा. त्या वर्षी संध्याकाळही भाजत होती. बिस्कुटला सातवा महिना होता. तिच्यासाठी तरुणनं गोठ्यात पंखा लावला होता, पण दुपारी वीज जायची. ती तोंड उघडं टाकून धापा टाकायची, जिभेवरून लाळ गळायची, चारा तोंडात धरून तशीच उभी राहायची. चांदणी त्याच गोठ्यात शांतपणे रवंथ करत असे. आत्या आधी म्हणायची, बघा, आपलं ते आपलं. पण दोन-तीन दिवसांनी तिचं ते बोलणं बंद झालं. उर्वशीनं मला फोनवर सांगितलं की आई दुपारभर त्या विलायतीपाशी बसतात. गोणपाट ओलं करायचं, तिच्या पाठीवर टाकायचं, ते वाळलं की पुन्हा ओलं करायचं. विहिरीत पाणी तळाला गेलं होतं. आत्यानं परसातल्या भाजीला पाणी घालणं बंद केलं आणि ते पाणी गाईला वापरलं. एकदा उर्वशीनं तिला बिस्कुटशी मराठीत बोलताना ऐकलं. "काढ गं एवढे दिवस, मग पाऊस येईल."

बिस्कुट गाभडली. वासरू मेलेलंच पडलं. डॉक्टर पीयूष, म्हणजे सरकारी दवाखान्यातला जनावरांचा नवा डॉक्टर, मोटारसायकलवर धूळ खात आला. त्यानं गाईला औषधं दिली आणि सांगितलं की या जातीला इतकी उष्णता सोसत नाही, यात तुमचं काही चुकलं नाही. गाय वाचली, पण दूध जवळजवळ गेलं. पावसाळ्याआधी तरुणनं ती विकली. गाडीत चढवताना ती बिचकली, तेव्हा आत्याच पुढे झाली आणि तिला दाव्याला धरून वर नेलं. त्यानंतर आत्याला एकच ध्यास लागला. चांदणीसुद्धा गाभण होती, आणि पितृपक्षाच्या पुढे-मागे व्यायची होती. तिला काही होता कामा नये.

त्या साली ऑगस्टमध्ये पाऊस थांबेचना. नदी-नाले भरले, गोठ्याची जमीन दिवसच्या दिवस ओली राहिली, माश्या आणि डास इतके की धूर करूनही जात नव्हते. त्याच दिवसांत जनावरांच्या लंपीच्या साथीची बातमी आली. राजस्थानातून रतलामकडे, तिथून आमच्या बदनावरकडे. माझे वडील, विठोबा, बदनावरला मंडीत धान्याची तोलाई करायचे आणि गावाबाहेर आमचं घर होतं. आमच्या गल्लीत दोन गाईंच्या अंगावर गाठी उठल्या, तेव्हा त्यांनी लगेच बहिणीला फोन केला.

"अक्का, लस टोचून घे. वेळ लावू नकोस," ते म्हणाले.

आत्या म्हणाली, बघते.

पीयूष डॉक्टर लस घेऊन पीपलखेडीला आला त्या दिवशी मी तिथेच होते. पोळा दोन दिवसांवर होता, पण जनावरं एकत्र आणू नका असं सगळीकडे सांगितलं होतं, त्यामुळे गावात सणाची काही हालचाल नव्हती. डॉक्टर दारोदार जाऊन टोचत होता. आमच्या गोठ्याशी आला तेव्हा आत्या चांदणीच्या पुढे उभी राहिली.

"माँजी, टीका लगवा लो," तो म्हणाला. "गाभिन है तो भी चलेगा. कुछ नहीं होगा."

आत्या त्याला माळवीत म्हणाली की एक वासरू मी उन्हाळ्यात मेलेलं पाहिलंय, आता सुई नको. व्याली की दुसऱ्या दिवशी ये, मी स्वतः धरते तिला. डॉक्टरनं पुष्कळ समजावलं. तो चिडला नाही. ताप येईल एखादा दिवस, त्यानं वासराला काही होत नाही, असंही सांगितलं. मीही बोलले. तरुण ओट्यावर बसला होता. आई ऐकणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि त्या उन्हाळ्यानंतर वाद घालायचं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं. शेवटी डॉक्टरनं हात जोडले आणि पुढच्या घरी गेला. जाताना म्हणाला, "विचार बदला तो फोन कर देना, आ जाऊँगा."

आत्यानं फोन केला नाही. गोठ्यात कडुनिंबाचा धूर केला, रोज जमिनीवर राख पसरली, चांदणीच्या अंगाला कडुनिंबाचं तेल लावलं. तिच्या परीनं तिनं काही कमी केलं नाही.

गणपती उठले आणि चांदणीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी मानेवर गाठी दिसल्या, मग पाठीवर, मग पोटाखाली. मागचा पाय सुजून खांबासारखा झाला. तरुणनं डॉक्टरला बोलावलं, तो आला, इंजेक्शनं दिली, आणि रोज येत राहिला. लसीविषयी तो एक शब्दही बोलला नाही. उर्वशी म्हणते, तो बोलला असता तर बरं झालं असतं. आत्या त्याच्याकडे बघत नव्हती. तो आला की मान खाली घालून गाईचं अंग पुसत राहायची.

चांदणी दिवस भरण्याआधीच व्याली. कालवड झाली. इवलीशी, हाडांची मोळी, पण श्वास घेत होती. चांदणीनं तिला चाटायचा प्रयत्न केला, मान उचलली, आणि पुन्हा टाकली. सडांत दूधच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं, पुष्कळ दिवसांनी पहिल्यांदाच. उर्वशी चूल पेटवत होती. आत्या गोठ्यातून बाहेर आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "तरुणला हाक मार. गेली ती."

गावातली मेलेली जनावरं पुरायला बाहेर एक जागा ठरली होती. आत्या म्हणाली, तिथे नको, आपल्या शेतात. तरुणनं डॉक्टरला विचारलं. खोल खड्डा आणि चुना असेल तर चालेल, असं तो म्हणाला. बांधाशी, जिथे पाणी साचत नाही अशा ठिकाणी खड्डा खणला. आत्यानं चांदणीच्या कपाळावर कुंकू लावलं, पाठीवर आपलं एक जुनं लुगडं घातलं. माती लोटायला सुरुवात झाली तेव्हा ती घरी निघून आली. रडली नाही. गोठा चुन्यानं धुतला, दावणीचं लाकूड घासून काढलं, चांदणीची दावी जाळली. मग आंघोळ करून ओट्यावर बसली आणि त्या दिवसानंतर ती गोठ्यात गेली नाही.

कालवड जगली ती उर्वशीमुळे. शेजारच्या घरून म्हशीचं दूध आणायचं, कोमट करायचं, बाटलीनं पाजायचं. कालवड पहिल्यांदा पाय रोवून उभी राहिली तेव्हा चिऊ धावत आजीकडे गेली, "दादी, खडी हो गई, चलो ना देखने." आत्या म्हणाली, छान झालं बाळ. उठली मात्र नाही. नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणाली, तुम्हीच ठेवा. मी दिवाळीनंतर गेले तेव्हा कालवड अंगणात बागडत होती. डोळ्यांभोवती तीच काळी कड. आत्याकडे आली आणि तिचा पदर चघळायला लागली. आत्यानं पदर हळूच सोडवून घेतला.

मी विचारलं, "आत्या, हिचा काय दोष?"

"हिचा कसला दोष," ती म्हणाली. "माझा हात नको हिला."

एवढंच. 

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर लसीची गाडी पुन्हा आली. तिनं काय केलं ते मला डॉक्टर पीयूषनंच नंतर सांगितलं. तो पहिल्या घरी पोचला तर आत्या तिथे आधीच उभी. डोक्यावर पदर, हातात काठी. म्हणाली, चल, मी येते बरोबर. त्याला वाटलं वाट दाखवायला आली असेल. पण ती प्रत्येक गोठ्यात आत जायची, जनावराचं दावं आखडून धरायची, आणि ते सुईला बिचकलं तर त्याच्या गळ्याखाली खाजवत राहायची. आपल्या घरच्या गोठ्यात पाऊल न टाकणारी ही बाई दुसऱ्यांच्या गोठ्यांत दिवसभर हिंडत होती.

गावाच्या टोकाला अंजूचं घर. नवीन लग्न होऊन आलेली मुलगी, घरात सासू नाही, नवरा इंदूरला कामाला. तिची गाय गाभण होती. ती दारातच म्हणाली, मेरी तो गाभिन है, बाद में लगवाऊँगी. डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात आत्यानं त्याला थांबवलं आणि अंजूला आपल्या शेजारी ओट्यावर बसवलं.

"मी पण असंच म्हटलं होतं," ती मराठीत बोलली. मग तिच्या लक्षात आलं की हिला मराठी कळत नाही. तेव्हा तिनं माळवीत सगळं सांगितलं. गाय कशी होती, डॉक्टर काय म्हणाला होता, ती स्वतः कुठे उभी होती, मग काय झालं. काही लपवलं नाही, आवाजही चढवला नाही. डॉक्टर म्हणाला की मला तिथे उभं राहवेना, मी गाडीपाशी जाऊन थांबलो. थोड्या वेळानं अंजूनं स्वतःच त्याला आत बोलावलं.

त्या पावसाळ्यात पीपलखेडीत गाठींचा आजार झालाच नाही असं मी म्हणणार नाही. दोन जनावरं आजारी पडली. पण अंजूची गाय नीट व्याली. तिनं पहिला चीक भांड्यात घालून आत्याकडे पाठवला. आत्यानं त्याचा खरवस केला, सगळ्यांना वाढला, आणि आपल्याला भूक नाही म्हणाली.

त्याच वर्षी पावसानं उलटा खेळ केला. जुलैपर्यंत बरसला आणि सोयाबीन फुलावर आलं तसा जो नाहीसा झाला, तो सबंध ऑगस्ट फिरकलाच नाही. जमिनीला भेगा पडल्या. तरुणनं विहिरीतलं पाणी देऊन एक तुकडा वाचवायला बघितला, तर विहीर आटली. उरलेलं पीक काढायच्या वेळेला सप्टेंबरमध्ये असा कोसळला की शेतात गुडघाभर पाणी. त्या पाण्यात उभं राहून तरुणनं ठरवलं. जमीन बटाईनं दिली आणि तो देवासला एका कारखान्यात लागला. उर्वशी, चिऊ आणि आत्या त्याच्याबरोबर गेल्या. भाड्याची जागा दुसऱ्या मजल्यावर, तिथे जनावराचा प्रश्नच नव्हता. कालवड माझ्या वडिलांनी बदनावरला आणली. उर्वशी तिच्याबरोबर पिकअपमध्ये बसून आली. वाटेत तिनं सारखा तिच्या मानेवर हात ठेवला होता. आमच्याकडे उतरल्यावर ती माझ्या आईच्या गळ्यात पडून रडली. आत्या आली नव्हती.

देवासला आत्याचं बरं चाललंय असं सगळे म्हणतात. तब्येत ठीक आहे, देवळात जाते, चिऊची वेणी घालते. उन्हाळ्यात ती खोली तव्यासारखी तापते, तेव्हा दुपारी ती पायऱ्यांवर येऊन बसते. खालून दुधवाला किटल्या घेऊन जातो, त्याच्याशी कधी बोलत नाही.

यंदा धारला नात्यात एक लग्न होतं म्हणून ती आली. लग्न झाल्यावर वडील तिला म्हणाले, "अक्का, बदनावरला चल. कालवड मोठी झालीय, गाभण आहे. तिला बघून तरी जा."

मला वाटलं ती नाही म्हणेल. पण ती गाडीत बसली.

आमच्या गोठ्यापाशी संध्याकाळचं ऊन होतं. गाय पाठमोरी उभी होती. आता पुरती वाढलेली, पांढरी, मानेला राखाडी झाक. आत्या उंबऱ्याशी थांबली. मग चप्पल काढली आणि आत गेली. चांदणीशी बोलायची त्याच मराठीत ती हळूच म्हणाली, "सरक गं बाई जरा."

गाय दचकली. कान मागे घेतले, दावं ताणलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. आत्यानं हात पुढे केला, तशी तिनं शिंगं खाली केली. वडील घाईनं पुढे आले, म्हणाले, तिला ओळख नाही ना अक्का, चारा दे हातानं, येईल जवळ. त्यांनी मूठभर हिरवा चारा आत्याच्या हातात दिला.

आत्यानं तो घेतला, पण पुढे केला नाही.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "मी हिला कधी पाणीसुद्धा दाखवलं नाही."

तिनं चारा गव्हाणीत ठेवला आणि मागे सरली. गाय बराच वेळ तशीच ताणून उभी होती. मग पुढे आली आणि आत्याकडे बघत बघत खायला लागली. आत्या उंबऱ्यात बसून राहिली. आईनं चहा तिथेच आणून दिला. अंधार पडायच्या आत ती उठली, आईला म्हणाली की हिच्या पोटाचा आकार चांगला आहे, वासरू उताणं नाही. वडिलांना म्हणाली, उन्हाळ्यात व्यायला आली तर छतावर तुराट्या टाका, पत्रा नको. आणि मला म्हणाली, सकाळची देवासची बस किती वाजता आहे ते बघून ठेव.

मी म्हटलं, दोन दिवस राहा ना.

"चिऊची परीक्षा आहे," ती म्हणाली.

परीक्षा संपून आठवडा झाला होता. ते आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. मी बसची वेळ बघून ठेवली.